सगळं देवाच्या इच्छेनं होतं, तर वाट बघणाऱ्याला बळ कुठून मिळतं?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं अंथरुणावरच्या आईची सेवा करताय. जो तो 'देवावर सोडा, वाट बघा' म्हणतो, आणि वाट बघूनच तुम्ही दमलाय. शास्त्रातलं उत्तर मला देता येणार नाही. माझ्या घरात जे झालं ते सांगते.

मी गोव्यात फोंड्याजवळ राहते. 2021च्या जूनमध्ये, मिरगाचा पाऊस लागला त्या आठवड्यात, यांना पक्षाघात झाला. सकाळी चहाची कपबशी हातातून निसटली, तोंड किंचित वाकडं झालं, आणि आम्ही 'थकवा असेल' म्हणत दुपारपर्यंत घरीच बसलो. (कुणाचं तोंड वाकडं झालं, हात गळला, बोलणं अडखळलं, तर त्याच मिनिटाला इस्पितळ गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. आमचे ते तास गेले.) उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण शब्द बाहेर यायचा नाही. याला अफेझिया म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

श्रावणात मी गावच्या देवळात कौल लावायला गेले. ओल्या पाकळ्या देवाच्या अंगाला डाव्या-उजव्या बाजूला चिकटवतात, भटजी गाऱ्हाणं घालतात आणि आपण श्वास रोखून बघत राहायचं. उजवी पडली तर होकार. मी विचारलं होतं, चवथीपर्यंत यांची वाचा येईल का? डावी पडली. दुसऱ्या दिवशी मी तेच वेगळ्या शब्दांत विचारलं. पुन्हा डावी. तिसऱ्या दिवशी भटजींनी पाकळ्या हातातच धरल्या आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही कौल मागत नाही. तुम्ही देवाला तारीख देताय."

मला राग आला. घरी येताना वाटभर रडले. पण ते खरंच होतं. तोवर मी रात्री दोन-तीनदा उठून यांचा श्वास चालतोय का बघत होते, जणू मी डोळा मिटला तर तो थांबेल. देव सगळ्याचा धनी आहे असं तोंडानं म्हणत होते आणि कारभार मात्र माझ्याकडेच ठेवला होता. डावी पाकळीही त्याचंच उत्तर आहे हे ज्या रात्री मान्य केलं, त्या रात्री कितीतरी दिवसांनी सलग झोपले. तुम्ही विचारता ते बळ मला आधी असं मिळालं, झोपेच्या रूपात. सकाळी उठून यांना व्यायाम करवायला हातात जोर होता.

काम काही कमी झालं नाही. फिजिओथेरपी, स्पीच थेरपी, जिभेचे व्यायाम, रोज वीस वस्तू समोर धरून नावं म्हणवून घेणं, सगळं चालूच होतं. देवावर सोपवलं म्हणून गोळ्या थांबवा, असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. देव धनी असेल तर डॉक्टरचं ज्ञानही त्याचंच.

आमच्या शेजारची ख्रिस्ती बाय रोज संध्याकाळी डोकावायची आणि जाताना म्हणायची, "देवाक काळजी." गोव्यात हे शब्द येता-जाता कानावर पडतात, पण अर्थाकडे मी तेव्हा पहिल्यांदा लक्ष दिलं. काळजी देवाला आहे. म्हणजे ती एकट्या माझ्याच डोक्यावर नाही. एकदा तिनं बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या 40व्या अध्यायातलं वाचून दाखवलं: परमेश्वराची वाट पाहणाऱ्यांना नवं बळ मिळतं, ते गरुडासारखे वर झेपावतात, धावतात पण दमत नाहीत, चालतात पण थकत नाहीत. इसवी सनपूर्व 586मध्ये यरुशलेम पडलं, तिथल्या यहुदी लोकांना बंदी करून बाबेलात (बॅबिलोनला) नेलं, आणि परतायची वाट खुली व्हायला पन्नासएक वर्षं लागली. त्या लोकांना दिलेला हा धीर आहे, असं ती म्हणाली. मला त्यातलं चालणंच धरून ठेवावंसं वाटलं. गरुड होणं आम्हाला कुठलं जमायला! पलंगापासून तुळशीपर्यंत बावीस पावलं होती, ती यांनी काठी घेऊन सात महिन्यांनी चालली.

आमची कुलदेवी शांतादुर्गा. सोळाव्या शतकात गोव्यातल्याच केळशीचं तिचं देऊळ पाडलं गेलं तेव्हा भक्त तिला घेऊन नदीपलीकडे कवळ्याला आले. आजचं देऊळ पुरं झालं 1738मध्ये. मधली दीडशेहून जास्त वर्षं ती साध्या मातीच्या देवळात राहिली, आणि त्या लोकांनी एक दिवसही दिवा चुकवला नसेल असं मला वाटतं. देऊळ बघायला ज्या पिढ्या उरल्या नाहीत त्यांचं वाट बघणं वाया गेलं, असं मी म्हणणार नाही.

पुढच्या वर्षीची, 2022ची चवथ. गणपतीच्या वर टांगतात त्या लाकडी माटोळीला सुपारीचे घोस, नारळ, तोरंजन बांधलं होतं. यांना खाली खुर्चीवर बसवलं. पोरांनी घुमट आणि शामेळ ही वाद्यं घेतली, दिरांनी कासाळं, म्हणजे झांजा. गणपतीची आरती झाली, विठ्ठलाची सुरू झाली. यांचा डावा हात गुडघ्यावर ठेका धरत होता. आणि वाकड्या ओठांतून, जड पण स्वच्छ, शब्द आले: "युगे अठ्ठावीस". घुमट वाजवणाऱ्या पुतण्याचा हात थांबला. दीर ओरडले, "थांबू नको, वाजव!" यांनी पूर्ण आरती म्हटली. एक शब्द चुकला नाही.

स्पीच थेरपीवाल्या बाईंनी नंतर समजावलं की गाण्याला, पाठ असलेल्या प्रार्थनेला मेंदूचा डाव्या बाजूचा बोलण्याचा भाग बिघडला तरी दुसरी वाट मिळते, त्यामुळे असं होऊ शकतं. ऐकून माझी श्रद्धा कमी झाली नाही. ती वाट तरी कुणी ठेवली? आणि शब्द आले तेही कुणाचे, भक्तासाठी विटेवर वाट बघत उभ्या असलेल्याचे. इतकी वर्षं ती आरती म्हणत होते, पण वाट देवही बघतो हे मला त्या रात्री उमगलं.

तुम्ही आईजवळ बसता तेव्हा दमल्याचं देवाला सरळ सांगा, लपवू नका. आठवड्यातली एक दुपार कुणावर तरी सोपवून झोपा.

वाचा पूर्ण आली नाही. आज चाळीसेक शब्द आहेत: पाणी, पेज, पाऊस, नातवाचं नाव. माझं नाव अजून आलेलं नाही. मला बोलवायचं असलं की ते खुर्चीच्या दांड्यावर डाव्या हातानं आरतीचा ठेका धरतात, आणि मी हातातलं ठेवून येते.