अभिरूप न्यायालयात संवाद लिहून देऊ नका, जबाब लिहून द्या

(प्रश्न असा होता: सोलापुरातल्या एका शाळेत मी नववीला नागरिकशास्त्र शिकवते. न्यायव्यवस्था समजावी म्हणून अभिरूप न्यायालय घेतलं, पण ते स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यासारखं झालं. यंदा नीट करायचं तर खटला कोणता घ्यावा आणि तयारी कशी करावी?)

ताई, नाटुकलं होतं ते निकाल आधीच ठरलेला असतो म्हणून. मी इथल्या कोर्टात फौजदारी बाजूची वकिली करतो आणि अधूनमधून शाळांमध्ये असे खटले बसवायला जातो. बहुतेक ठिकाणी माझ्या हातात टाइप केलेली संहिता देतात. तिच्यात साक्षीदार अडखळतो, आरोपी ढसाढसा रडून गुन्हा कबूल करतो आणि न्यायाधीश हातोडा आपटतात. आपल्या कोर्टात हातोडा नसतो. गीतेवर हात ठेवणंही सिनेमातलंच. १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे साक्षीदार ईश्वराला स्मरून शपथ घेतो किंवा नुसतं प्रतिज्ञेवर खरं सांगतो म्हणतो. पण या चुका किरकोळ आहेत. खरी अडचण पाठांतराची. पाठ केलेल्या उत्तराची उलटतपासणी करता येत नाही आणि मुलांनी शिकण्यासारखं जे आहे ते सगळं उलटतपासणीतच आहे.

म्हणून संवाद लिहूच नका. प्रत्येक साक्षीदाराला त्याचा जबाब द्या, अर्ध्या पानाचा. त्याखाली वेगळ्या शाईत दोन-तीन गोष्टी लिहा, ज्या नेमक्या विचारल्या तरच सांगायच्या. वकिलांच्या हाती फक्त जबाब पडतात, खालचा मजकूर नाही. तो त्यांनी प्रश्न विचारून बाहेर काढायचा.

खटला खुनाचा नको. खून म्हटलं की रक्ताचे डाग आणि बदला सुरू होतो. मोबाइल चोरीचा घ्या आणि तो गड्ड्याच्या यात्रेत घडवा, म्हणजे जागा समजावून सांगायला नको. होम मैदानावरची गर्दी वर्गातल्या प्रत्येकाने पाहिलेली असते. माझा नेहमीचा आराखडा असा: आकाशपाळण्याच्या रांगेत एका बाईंच्या पिशवीतून मोबाइल जातो. थोड्या वेळाने तो बांगड्यांच्या स्टॉलवर काम करणाऱ्या वीस वर्षांच्या पोराच्या खिशात सापडतो. तो म्हणतो, खाली पडलेला दिसला, चौकीत द्यायलाच निघालो होतो. बस, एवढंच. चोरीच्या ताज्या वस्तू ज्याच्याकडे सापडल्या तोच चोर, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. पण धरलंच पाहिजे असं नाही, आरोपीचा खुलासाही बघावा लागतो. शिवाय चोरी ठरायला अप्रामाणिक हेतू सिद्ध व्हावा लागतो. खटला दोन्हीकडे झुकू शकतो, आणि तो तसाच हवा.

मोबाइलची किंमत मात्र बारा हजार वगैरे ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. चोरीचं कलम आता ३०३. पाच हजारांच्या आतली चोरी आणि पहिलाच गुन्हा असेल, वस्तू परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. पण ती चोरी अदखलपात्रही ठरते, म्हणजे पोलिसांना न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय तपास करता येत नाही. मग तुमचा पंचनामा, अटक, सगळंच कोसळतं. (मुलांना ३०२ आणि ४२० पाठ असतात. खून आता १०३ आणि फसवणूक ३१८ मध्ये गेली, हे एकदा सांगून टाका.)

आरोपी वीस वर्षांचा, हेही मुद्दाम. शाळकरी मुलगा आरोपी केलात तर खटला या कोर्टात चालतच नाही. अठरा वर्षांखालचं मूल बाल न्याय मंडळापुढे जातं, तिथे न्यायदंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात आणि मुलाचं नाव बाहेर येऊ द्यायचं नसतं. आणि एकवीसच्या आतल्या आरोपीचा दोष सिद्ध झाला तरी, जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर, १९५८ च्या परिविक्षा कायद्याप्रमाणे त्याला शक्यतो तुरुंगात पाठवायचं नसतं. पाठवायचं तर कारणं लिहावी लागतात. दोषी ठरलं की अख्खा वर्ग ‘जेल, जेल’ ओरडतो. त्या क्षणी हे कलम वाचून दाखवा आणि गंमत बघा.

साक्षीदार चार पुरेत: फिर्यादी बाई, शेजारचा भेळवाला, पंच आणि तपासी अंमलदार. यातला पंच, म्हणजे जप्तीच्या वेळी पोलिसांनी साक्षीला उभा केलेला त्रयस्थ माणूस, नीट लिहा. त्याच्या जबाबात छापील भाषा असू दे: ‘माझ्या समक्ष आरोपीच्या पँटच्या उजव्या खिशातून मोबाइल काढून जप्त केला.’ आणि खाली वेगळ्या शाईत लिहा: सही पोलीस चौकीत केली, तेव्हा कागद लिहून तयार होता. एका शाळेत बचावाच्या वकील मुलीने पंचाला हेतूपासून चारित्र्यापर्यंत सगळं विचारलं आणि ती खाली बसायला निघाली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, वळून म्हणाली, ‘सही कुठे केली तुम्ही?’ ‘चौकीत.’ ‘कागद कोणी लिहिला?’ ‘तो लिहिलेलाच होता.’ ‘वाचून दाखवला?’ पंच झालेला मुलगा थांबला, कारण त्याच्या कागदावर याचं उत्तर नव्हतं. थोडा विचार करून म्हणाला, ‘नाही.’ सरकारी वकील झालेल्या मुलाने डोक्याला हात लावला. रंगीत तालमीने हे साधत नाही.

दुसरी युक्ती वगळलेल्या गोष्टीची. भेळवाला कोर्टात म्हणेल, ‘पळणाऱ्याच्या अंगात काळा शर्ट होता.’ पोलिसांसमोरच्या जबाबात शर्टाचा उल्लेखच ठेवू नका. मग मुलांना कोर्टात रोज ऐकू येणारी जुगलबंदी शिकवा: ‘काळ्या शर्टाचं पोलिसांना सांगितलं होतं?’ ‘सांगितलं होतं.’ ‘मग ते जबाबात का नाही?’ ‘त्याचं कारण मी सांगू शकत नाही.’ हे शेवटचं वाक्य आमच्या साक्षींच्या कागदांत इतक्या वेळा येतं की टंकलेखकांची बोटं ते आपोआप उमटवत असतील.

प्रश्न विचारण्याचा एकच नियम पक्का करून घ्या. आपल्या साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालायचं नाही. सरतपासणीत ‘तुम्ही काय पाहिलंत?’ एवढंच विचारायचं. ‘तुम्ही याला पिशवीत हात घालताना पाहिलंत ना?’ हा सूचक प्रश्न, तो उलटतपासणीत चालतो. सुरुवातीला सगळ्यांचीच गल्लत होते. समोरच्या वकिलाने हरकत घेऊ दे, न्यायाधीशाने ती मान्य-अमान्य करू दे. दहा मिनिटांत वर्ग तयार होतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हेही इथेच सांगा. मुलांना धक्का बसतो. ‘मग पोलीस मारतात कशाला?’ असा प्रश्न येतो. तो टाळू नका. तो नियम इंग्रजांनीच १८७२ च्या पुरावा कायद्यात घातला, तो याच संशयापोटी, आणि २०२३ च्या नव्या साक्ष कायद्यातही तो कायम आहे.

सोलापूरला एक सोय आहे जी पुण्यात इतक्या सहज मिळत नाही. फिर्यादी बाई पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या करा. तुमच्या वर्गात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलं असणारच. एकाला दुभाषी करा आणि त्यालाही शपथ द्या, कारण खऱ्या कोर्टात दुभाष्याला खरं भाषांतर करण्याची शपथ असते. १९९८ पासून आपल्या खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, पण आरोपीला कळत नसलेल्या भाषेतली साक्ष त्याला समजावून द्यावीच लागते. मजा अशी की बाई दोन शब्द बोलतात आणि दुभाषी चार वाक्यं सांगतो. बचावाच्या वकिलाला हे टिपायला शिकवा. इतर वेळी तेलुगू घरात ठेवून वर्गात गप्प बसणारं पोर त्या दिवशी सगळ्यात महत्त्वाचं होतं, हा वरचा फायदा.

आरोपीचं आडनाव देऊ नका. नुसतं ‘आरोपी’ किंवा एखादं साधं पहिलं नाव. आडनाव आलं की वर्गात जात येते आणि काही आडनावांकडे लोक आधीच संशयाने बघतात. आपल्या गावात तर सेटलमेंट होती. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेऱ्या लावल्या. ना दोषारोप, ना साक्ष, ना उलटतपासणी. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, वस्तीचं नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिलं. निरपराधित्वाचं गृहीतक (दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष) म्हणजे काय, हे समजावायला याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही. पण त्या वस्तीतली मुलं तुमच्या वर्गात असतील तर हा विषय आधी एकट्याने नीट वाचून, सांभाळून काढा. आणि आरोपीची भूमिका वर्गातल्या ‘द्वाड’ पोराला देण्याचा मोह आवरा. ती सगळ्यात शहाण्या मुलीला द्या.

मुलं चार हुतात्म्यांचा खटला करू म्हणतील. १९३० चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात झालेली फाशी, हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही. पण अभिरूप न्यायालयासाठी नको. निकाल सगळ्यांना ठाऊक आणि त्यांच्याविरुद्ध सरकारी वकील व्हायला कोणी मनापासून उभा राहणार नाही. तो इतिहासाच्या तासाला घ्या.

न्यायाधीश मुख्याध्यापकांना करू नका. एका विद्यार्थ्याला बसवा आणि बाकीच्या वर्गाला कामाला लावा: प्रत्येकाने निकालपत्र लिहायचं. आपल्याकडे ज्यूरी नाही. नानावटी खटल्यात १९५९ ला ज्यूरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, उच्च न्यायालयाने ते फिरवलं, आणि १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. म्हणून हात वर करून मतदान नको. कागदावर आधी मुद्दा: ‘आरोपीने अप्रामाणिक हेतूने मोबाइल नेला, हे सरकार पक्षाने वाजवी संशयापलीकडे सिद्ध केले आहे काय?’ समोर निष्कर्ष: होकारार्थी किंवा नकारार्थी. खाली कारणमीमांसा, तिच्यात किमान दोन साक्षीदारांची नेमकी वाक्यं. ज्यांनी ‘मला वाटतं चोर तोच आहे’ असं लिहिलं असेल त्यांना कागद परत द्या. गुण द्यायचे तर कारणमीमांसेला द्या, जिंकणाऱ्या बाजूला नको.

दोन तुकड्या असतील तर तोच खटला दोन्हीकडे चालवा. बहुतेक वेळा एकीकडे सुटका होते, दुसरीकडे शिक्षा. मग दोन्ही वर्ग एकत्र बसवून त्यांना एकमेकांची निकालपत्रं वाचायला द्या आणि तुम्ही बाजूला व्हा. हरलेल्या बाजूने एका पानाचं अपील लिहायचं: न्यायदंडाधिकाऱ्यांकडून सत्र न्यायालयात, आणि तिथून वर जायचं झालं तर आता मुंबईला नाही, कोल्हापूरला, १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) तिथे बसतं आणि सोलापूर त्यात येतं.

खटल्याच्या आधी पाच-सहा मुलांना खऱ्या कोर्टात मागच्या बाकावर बसवून आणा. कामकाज खुलं असतं, तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या. ते मदत करतात आणि एखादे वकीलही पाठवतात. मुलांना आधीच सांगून ठेवा की बराच वेळ नुसत्या तारखा पडताना दिसतील. सकाळी अकराला पोचा, ज्याच्या त्या दिवशीच्या यादीत (बोर्डावर) साक्षीपुरावा आहे असं कोर्ट निवडा, आणि ही भेट मे महिन्याच्या सुटीच्या कितीतरी आधी उरकून घ्या.