वाचकांचे प्रश्न : मल्चर घेताना आणि घेतल्यावर

मागच्या अंकात आपण लिहिलं होतं की ऊस गेला की पाचट (रानात पडलेला उसाचा वाळका पाला) पेटवू नका, मल्चर फिरवा. त्यावर सांगली-साताऱ्याकडनं एवढे प्रश्न आले की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. ज्यांनी मशीन बघितलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, ट्रॅक्टरच्या मागं थ्री पॉइंटला (मशीन उचलणारे तीन जोड) जोडायचं आणि पीटीओवर (इंजिनची ताकद मागच्या मशीनला देणारा फिरता दांडा) चालवायचं, आत आडवा रोटर असतो, रोटरला लोंबकळणारे हॅमर नायतर पाती असतात, ती जोरात फिरून पाचट, काड्या, गवत जाग्यावरच बारीक करतात. आता प्रश्न.

माझा ट्रॅक्टर 45 एचपीचा हाय. ऊस 7 एकर, सरी साडेचार फुटी. डीलर म्हणतो 6 फुटी मल्चर घ्या, रान लवकर उरकतं. थोरला भाऊ म्हणतो 5 फुटी बास झालं. आणि हॅमर घ्यायचे का वाय पाती? – एक वाचक, ता. वाळवा

भावाचं ऐका. डीलर जे 45 सांगतोय ते इंजिनचे एचपी. पीटीओपर्यंत पोचताना त्यातले साधारण 15 टक्के वाटेतच जातात, म्हणजे उरले 38 च्या आसपास, आणि ट्रॅक्टर स्वतः पुढं सरकायला जी ताकद लागते ती पण यातनंच. नुसत्या गवतात 6 फुटी चालेल की, पण खोडव्याच्या (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतनं परत येणाऱ्या पिकाच्या) रानात एकरी तीन-चार टन पाचट पडलेलं असतं, तिथं 6 फुटी घातलं की ट्रॅक्टर दबायला लागतो, आणि ट्रॅक्टर दबला की ड्रायव्हर मशीन उचलतो, म्हणजे वरवरची कुट्टी होते आणि खालचा थर तसाच राहतो, मग परत दुसरी फेरी. मग 6 फुटी घेऊन वेळ वाचला कुठं?

दुसरं म्हणजे तुमची सरी. साडेचार फुटात ट्रॅक्टरची दोन्ही चाकं दोन सऱ्यांतनं चालतात, मधे एक वरंबा येतो. 5 फुटीत तो वरंबा आणि दोन्हीकडची अर्धी-अर्धी सरी बरोबर बसते. 6 फुटीची टोकं शेजारच्या वरंब्याच्या उतारावर टेकतात आणि मशीन एका अंगाला कलतं.

पाती का हॅमर, तर उसाला हॅमर. वाय पाती (Y अक्षरासारखी) हलकी असतात, गवत, तण, सोयाबीनचं काड असला माल झकास कापतात, डिझेल पण कमी लागतं. पण पाचटात अधनंमधनं राहिलेली कांडी, ढेकूळ, एखादा दगड असतोच, त्यात पात्याची धार टिकत नाही, पाती वाकतात. हॅमर जड असतो, तो कापण्यापेक्षा ठोकून फोडतो, धार थोडी गेली तरी काम चालू राहतं.

आता चालवायचं कसं, कारण निम्म्या तक्रारी मशीनच्या नसतातच, चालवण्याच्या असतात. पीटीओचे 540 आरपीएम पूर्ण मिळाले पाहिजेत, मीटरवर त्याची खूण असते, इंजिन त्या खुणेवर ठेवायचं आणि लोड आला तर गिअर खाली घ्यायचा, रेस कमी करायची नाही. हॅमर हे नुसते पिनवर लोंबकळत असतात, ताठ उभे राहतात ते फक्त वेगामुळं. वेग कमी झाला की ते मागं दुमडतात, माल तुटत नाही, रोटरला गुंडाळतो, रोटर फिरवणारा बेल्ट घसरतो आणि जळका रबरी वास येतो. आणि पीटीओ टाकताना रेस कमी, मशीन जमिनीपासनं जरासं वर, मग सावकाश रेस वाढवायची. फुल रेसवर दाणकन पीटीओ टाकणाऱ्या ड्रायव्हरला रानात येऊ देऊ नका.

उंचीचं पण बघा. मागच्या रोलरचे बोल्ट वर-खाली करून उंची ठरते, हॅमर मातीला लागता कामा नये. काहीजण म्हणतात खाली सोडलं की बुडख्यांची छाटणी पण त्यातच होते. नाही होत. हॅमर बुडखा कापत नाही, चिंध्या करतो, बुडखा उभा चिरफाळतो आणि फुटवे यायचे ते डोळेच जातात. बुडखे धारदार कोयत्यानं नायतर स्टबल शेव्हरनं जमिनीलगत वेगळे छाटा, मल्चर बुडख्याच्या वरनं गेला पाहिजे.

एक राहिलंच. कुट्टी झाली म्हणजे काम झालं नाही. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र जेमतेम अर्धा टक्का, त्यामुळं कुजवणारे जिवाणू नत्र जमिनीतनं ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो, मग लोक म्हणतात पाचटानं ऊस खराब झाला. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची माणसं सांगतात ते करा, टनामागं 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारं जिवाणू कल्चर टाकायचं आणि लगेच पाणी द्यायचं.

सेकंडहँड मल्चर घेतलाय. चालू केला की सगळा ट्रॅक्टर हादरतो, सीटवर बसवत नाही. 2 हॅमर नव्हते, गावातल्या वेल्डिंगवाल्यानं पट्टी कापून तसलेच बनवून दिले, तरी फरक नाही. बेअरिंग पण एकदा बदललं. – एक वाचक, ता. खटाव

दादा, आधी मशीन बंद ठेवा, मग पुढचं वाचा.

मल्चरमध्ये रोटर हीच खरी वस्तू, बाकी सगळं त्याच्याभोवतीचा पत्रा. हिशोब सांगतो. समजा हॅमर 1 किलोचा आहे, रोटरच्या मध्यापासनं 20 सेंटीमीटरवर फिरतोय आणि रोटरचा वेग 2000 आरपीएम आहे. त्या वेगात तो एक हॅमर बाहेरच्या दिशेनं जवळपास 900 किलोची ओढ देतो. समोरासमोरचे हॅमर सारख्या वजनाचे असले की ही ओढ एकमेकांत जिरते आणि आपल्याला काही कळत नाही. एक हॅमर निघाला की ती 900 किलोची ओढ एका सेकंदात तेहतीस वेळा गोल फिरून बेअरिंगला झटका देते. तुमच्या वेल्डिंगवाल्यानं बनवलेला हॅमर 200 ग्रॅमनं जरी जड-हलका असला तरी पावणेदोनशे किलोचा झटका राहतोच. म्हणून बेअरिंग कितीही बदला, ते जाणारच.

वर आणि ती पट्टी. कंपनीचा हॅमर पाणी दिलेल्या, म्हणजे कडक केलेल्या स्टीलचा असतो. साधी पट्टी एकतर झिजते नायतर भोकापाशी फाटते, आणि वेल्डिंग केलेला तर सांध्याशेजारीच तुटतो. तुटलेला तुकडा ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगानं बाहेर येतो हो, मागं बाई गवत गोळा करत असली तर काय?

करायचं काय, तर सगळा सेट काढा, किराणा दुकानातल्या काट्यावर एकेक हॅमर तोला आणि खडूनं वजन लिहा. ज्यात फार फरक नाही ते समोरासमोर जोडीनं बसवा. बदलायचा झाला तर एकटा कधीच नाही, समोरचा पण बदलायचा, आणि निम्म्याहून जास्त झिजले असतील तर सरळ सेट. पिना आणि बोल्ट पण नवे, नट नायलॉनवाले लॉकनट, जुना लॉकनट परत वापरू नका. पिनेचं भोक लांबट झालंय का ते पण बघा, हॅमर हातानं हलवला की तो झुलला पाहिजे पण आडवा डुगडुगता कामा नये.

एवढं करून पण हादरत असेल तर रोटर वाकलाय नायतर त्याच्यावरचं बॅलन्सचं वजन कुणीतरी काढलंय. रोटरच्या पाइपवर मधेच एखादा चौकोनी तुकडा वेल्ड केलेला दिसतो, पुष्कळ लोक तो फालतू समजून ग्राइंडरनं उडवतात, तो फॅक्टरीत बॅलन्स करताना लावलेला असतो! मग रोटर काढून डायनॅमिक बॅलन्सिंग (फिरवून तोल साधायचं काम) करणाऱ्याकडं न्यावा लागेल, सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात इंडस्ट्रीचं काम करणारे आहेत, चौकशी करा.

द्राक्षबाग 3 एकर, 9 फुटी ओळी, मिनी ट्रॅक्टर 27 एचपी. एप्रिल छाटणीच्या काड्या मशीननं बारीक करायच्यात. शेजाऱ्याच्या मशीननं ठिबकची नळी ओढली, भीती वाटतीय. – एक वाचक, ता. तासगाव

27 एचपीला 4 फुटी, हॅमरचं. काडी वाळून कडक व्हायच्या आधी फिरवा, छाटणीनंतर आठवड्याच्या आत, ओली काडी चांगली तुटते. सगळ्या काड्या ओळीच्या मधोमध ओढून घ्या म्हणजे एका फेरीत होतं आणि मशीन खोडाजवळ न्यायची गरजच पडत नाही.

नळीची भीती बरोबर आहे. लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, खालच्या तारेला क्लिपनं उचलून बांधलेली असली तर काही होत नाही, जमिनीवर वळवळत असली तर आज ना उद्या जाणार. पण नळीपेक्षा जास्त त्रास सुतळीचा आणि बांधायच्या तारेचा. ती रोटरच्या दोन्ही टोकांना, साइडच्या पत्र्याच्या अगदी कडेला वेढे घेते, बाहेरनं दिसत पण नाही. घर्षणानं प्लास्टिकची सुतळी वितळून काळा कडक गोळा होतो, तो बेअरिंगचं सील कापतो, सील गेलं की ग्रीस बाहेर आणि धूळ आत. रोज संध्याकाळी इंजिन बंद, चावी खिशात, मशीन हायड्रोलिकच्या भरवशावर न ठेवता खाली लाकडी ठोकळे, आणि मग जुन्या विळ्यानं ते वेढे कापून काढायचे. पाच मिनिटांचं काम असतं.

करप्यानं काळ्या पडलेल्या काड्या कुट्टीत घालू नका, त्या बागेबाहेर न्या.

क्लच दाबला तरी ट्रॅक्टर पुढंच ढकलला जातो. बांधावर एकदा जाता जाता राहिलो. क्लच प्लेट बदलली तरी तेच. – एक वाचक, ता. पाटण

क्लच प्लेटचा दोष नाही. तुमचा ट्रॅक्टर सिंगल क्लचचा असणार. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण मागं फिरणारा जड रोटर काही लगेच थांबत नाही, तो उलटा पीटीओतनं गिअरबॉक्सला फिरवतो आणि ट्रॅक्टर पुढं जातो. यावर ओव्हररनिंग क्लच मिळतो, कुणी फ्रीव्हील म्हणतं, काही मल्चरच्या गिअरबॉक्समध्ये तो आधीच असतो, नसेल तर पीटीओ शाफ्टला बसवता येतो. एका दिशेनंच ताकद जाते, रोटर मोकळा फिरत राहतो आणि ट्रॅक्टर जागेवर थांबतो. पाटणच्या उताराच्या रानात याच्याशिवाय मशीन लावूच नका. तो बसवल्यावर शाफ्टची लांबी वाढते, तेव्हा मशीन पूर्ण वर आणि पूर्ण खाली करून बघा, शाफ्ट कुठं तटत नाही ना, आणि आतला-बाहेरचा पाइप निदान एक तृतीयांश एकमेकांत राहतोय ना.

ग्रीस, ऑइल, बेल्ट कधी बघायचं? पावसाळ्यात मशीन उभंच असतं. – एक वाचक, ता. शिराळा

रोटरच्या दोन्ही बेअरिंगना आणि पीटीओच्या क्रॉसना 8 तासाला ग्रीस, एपी थ्री चालतं, निप्पल आधी पुसायचा नाहीतर धूळच आत जाते. रोलरची बेअरिंग लोक विसरतात, ती मातीतच लोळत असतात, ती आधी जातात. गिअरबॉक्सला 90 नंबरचं ऑइल, पहिलं 50 तासानंतर बदला कारण त्यात नव्या गिअरचा चुरा असतो, पुढं मग वर्षातनं एकदा. बेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबला की साधारण एक सेंटीमीटर दबला पाहिजे, नवे बेल्ट पहिल्या काही तासात ढिले पडतात तेव्हा परत ताणा, आणि 4 पैकी 1 तुटला तरी चारी बदला, जुन्या-नव्याची लांबी सारखी नसते, सगळा लोड नव्यावर येतो.

पावसाळ्याआधी आतला चिकटलेला माल खरवडून काढा, तो ओलसर राहून पत्रा खातो. बेल्ट ढिले सोडा, हॅमरच्या पिनांवर जुनं ऑइल मारा, मशीन ठोकळ्यावर ठेवा. शिराळ्याचा पाऊस म्हटल्यावर छपराखाली ठेवा हे वेगळं सांगायला नको. बेल्टच्या कव्हरमध्ये उंदीर घर करतात, दिवाळीत पहिल्यांदा चालू करायच्या आधी कव्हर उघडाच.

माझ्या नावावर 2 एकर आहे. सबसिडीत मल्चर घ्यावा का? बिल करून आणलं तर नंतर अर्ज चालतो का? – एक भगिनी, ता. जत

ताई, नंतर चालत नाही. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, निवड, पूर्वसंमती, आणि मगच खरेदी, पूर्वसंमतीच्या आधीची तारीख बिलावर असली की अनुदान गेलं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अल्प आणि अत्यल्पभूधारक यांना 50 टक्के, बाकीच्यांना 40 टक्के, आणि ते पण ठरवून दिलेल्या कमाल रकमेच्या आत, पूर्ण बिलाच्या नाही. मशीनचा टेस्ट रिपोर्ट झालेला पाहिजे, डीलरकडनं तो आधी मागून घ्या.

पण 2 एकरासाठी मी म्हणेन घेऊ नका. वर्षातनं एक-दोन दिवस चालणार आणि बाकी वर्ष गंजत बसणार. चार-पाच घरांत मिळून घेणार असाल किंवा घरातलं कुणी भाड्यानं चालवणार असेल तर विचार करा. भाड्यानं बोलवत असाल तर सुरुवातीला एकच पट्टा मारायला सांगा, उतरून पाचटाचा खालचा थर हातानं उचलून बघा तुटलाय का, मागचे रबरी पडदे शाबूत आहेत का ते बघा, आणि मशीन चालू असताना मागं कुणाला उभं राहू देऊ नका. आणि घेतलंच, तर मशीनच्या प्लेटवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर डीलरच्या दारातच जुळवून घ्या, तपासणीला सहाय्यक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) येतात तेव्हा तोच बघतात.