परगावी मॅच बघायला जायचंय? हातात एक दिवस जादा ठेवा

प्रश्न : आमची पोरगी नववीत आहे, हॉकी खेळते. तिच्या टीममधल्या बारा-तेरा पोरी आणि आम्ही चार-पाच पालक मिळून ओडिशात एखादी मोठी मॅच बघायला जायचं म्हणतोय. पोरींचा हट्ट राउरकेलाचाच आहे. फलटणहून जायचं कसं आणि किती दिवस धरायचे ते जरा सविस्तर सांगा की.
– एक पालक, फलटण

उत्तर : पोरींचा हट्ट बरोबर आहे. वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ या तिघीही तुमच्याच फलटण तालुक्यातल्या आणि तिघीही भारताकडून खेळल्या, त्यामुळे तुमच्याकडच्या पोरींना हॉकी काही लांबची वाटत नाही. राउरकेला ज्या सुंदरगड जिल्ह्यात येतं ना, तिथं तर गावोगावी हॉकी आहे, भारताचा माजी कॅप्टन दिलीप तिर्की तिथलाच, बचावपटू अमित रोहिदास पण तिथलाच. २०२३ च्या वर्ल्ड कपला भारताची पहिली मॅच स्पेनशी याच राउरकेलाच्या नव्या बिरसा मुंडा स्टेडियमला झाली, वीस हजारांच्या वर सीटा आहेत तिथं, आणि भारताचा पहिला गोल मारला कुणी तर रोहिदासनं, स्वतःच्या जिल्ह्यात! असं वातावरण पोरींनी एकदा बघावंच.

आता प्रवास. पुण्याहून हावड्याला जाणारी आझाद हिंद एक्सप्रेस नागपूर, रायपूर, बिलासपूर करत राउरकेलाला थांबते. संध्याकाळी पुण्यातनं सुटते आणि दुसऱ्या दिवशी रात्री पोचवते, म्हणजे गाडीत एक रात्र आणि एक अख्खा दिवस (नेमकी वेळ बुकिंग करताना बघून घ्या, टाइमटेबल बदलत असतं). फलटणहून पुण्यापर्यंत एसटी किंवा ठरवलेली गाडी, पण सकाळीच निघा, दुपारी आरामात निघू म्हणाल आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये हडपसरला अडकून बसाल, लांबची गाडी कुणासाठी थांबत नाही.

रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, आधी १२० दिवस होतं ते नोव्हेंबर २०२४ पासून कमी केलंय. एका तिकिटावर सहाच जण बसतात, म्हणजे तुमची तीन तिकिटं होणार, तेव्हा तिघांनी तीन मोबाइलवर सकाळी आठला एकदमच बसा आणि प्रत्येक तिकिटावर एक तरी मोठं माणूस टाका, नाहीतर पोरी एका डब्यात आणि पालक दुसऱ्याच डब्यात असं होतं. तात्काळच्या भरवशावर सतरा-अठरा जणांचा ग्रुप नेऊ नका. नकोच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मॅचच्या आदल्या दिवशी पोचायचं आणि परतीचं तिकीट मॅचच्या दुसऱ्या दिवसाचं काढायचं. लोक एक रात्र वाचवायला मॅचच्याच रात्रीची गाडी धरतात. हॉकी म्हणजे पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर, तासाभराचा खेळ, असा हिशोब असतो त्यांचा. पण मधले ब्रेक धरा, हाफ टाइम धरा, पेनल्टी कॉर्नरला (गोलजवळ फाउल झाला की मिळणारी गोलची संधी) घड्याळ थांबतं ते धरा, नॉकआउट असेल आणि बरोबरी झाली तर शूटआउट (एकेक खेळाडू एकटाच गोलकीपरसमोर), दीड तास सहज जातो, वर गर्दीतनं बाहेर पडून रिक्षा मिळेपर्यंत अजून तासभर. शूटआउट चालू असताना पोरींना ‘चला चला गाडी जाईल’ म्हणून उठवायचं का मग? येताना-जाताना धरून सहा-सात दिवस काढा, त्यापेक्षा कमीत नेऊ नका.

जानेवारीची मॅच असेल तर स्वेटर पाहिजेच, तिकडं रात्री चांगली थंडी पडते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. आयुष्यभर हॉकीची कॉमेंट्री ऐकली, आता २०२६ च्या वर्ल्ड कपला नेदरलँड्सला जायचं म्हणतोय. मुलगा म्हणतो, ‘बाबा, जाताच आहात तर फायनलचीच तिकिटं काढा.’ काढू का?
– मिरज

उत्तर : गुरुजी, मुलाचं ऐकू नका. २०२३ ला भुवनेश्वरला काय झालं आठवतंय ना? भारत न्यूझीलंडशी क्रॉसओव्हरला (क्वार्टर फायनलच्या आधीची नॉकआउट मॅच) ३-३ वर अडकला आणि शूटआउटमध्ये हरला, क्वार्टर फायनलला पोचलाच नाही. ज्यांनी आधीच पुढच्या मॅचेसची तिकिटं, हॉटेलं बुक करून ठेवलेली ते बसले दुसऱ्यांच्या मॅचेस बघत. फायनल जर्मनी-बेल्जियमची झाली, ती पण ३-३ आणि मग शूटआउट, मॅच म्हणून एक नंबर, पण आपण मिरजेहून इतक्या लांब जाणार ते भारताला बघायला. त्यामुळे गटातल्या मॅचेस धरा, त्या पक्क्या असतात, तारीख आणि मैदान आधीच कळतं. पुढचं बघू म्हणून सोडून द्या.

हा वर्ल्ड कप ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात आहे, पुरुष आणि महिला दोन्ही एकदमच, आणि दोन देशांत मिळून, नेदरलँड्समध्ये ॲम्स्टलवेन आणि बेल्जियममध्ये वाव्हर. ॲम्स्टलवेन म्हणजे ॲम्स्टरडॅमला चिकटूनच, आणि वाव्हर ब्रसेल्सच्या जवळ. दोन्ही देश युरोपच्या शेंगेन गटात, म्हणजे व्हिसा एकच पुरतो, फक्त अर्ज कुठल्या देशाकडं करायचा ते नीट बघा : जिथं जास्त रात्री राहणार त्या देशाकडं, आणि रात्री सारख्याच असतील तर जिथं आधी उतरणार तिकडं. इथं बरेच जण घोळ घालतात. फी मोठ्यांना ९० युरो, व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. ट्रॅव्हल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा लागतो, त्याशिवाय फाइल पुढं सरकत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवसांच्या आत आलात तर घेत नाहीत, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत हो, म्हणून शक्य तितकं लवकर. पासपोर्टची मुदत बघितलीत का? परत आल्यावर पुढं तीन महिने तरी शिल्लक पाहिजे.

पेन्शनचं स्टेटमेंट, बँकेचं पासबुक, मॅचची तिकिटं हे सगळं फाइलला लावा. आणि विमानाचं तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्या, थोडं महाग पडतं, पडू द्या.

प्रश्न : बजेट कमी आहे, कॉलेजला आहे. हॉकी इंडिया लीगमध्ये माझ्या आवडत्या टीमची मॅच त्यांच्या होम ग्राउंडवर बघायचीय, सांगलीहून जवळात जवळ कुठं पडेल?
– सांगली

उत्तर : मित्रा, इथं एक गंमत आहे. नावं शहरांची असली तरी या लीगमध्ये सगळ्या टीम ठरलेल्या दोन-तीन मैदानांवरच खेळतात. २०२४-२५ ला मुलांच्या बहुतेक मॅचेस राउरकेलाला आणि मुलींच्या रांचीला होत्या. २०२६ ला मुलांच्या चेन्नई, रांची, भुवनेश्वरला. म्हणजे समज, तुझी टीम हैदराबाद तूफान्स असेल, तर ते पण पाहुणेच आणि त्यांना बघायला गेलेला तू पण पाहुणाच. म्हणून टीमचं शहर बघून गाडी काढू नकोस, आधी वेळापत्रकात मैदान बघ. चेन्नई असेल तर तुला बरं, मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरू आणि तिथनं चेन्नईच्या गाड्या भरपूर. भुवनेश्वर असेल तर पुणे किंवा सोलापूरहून कोणार्क एक्सप्रेस, पण तिला दोन रात्री जातात, स्लीपरनं जाणार असशील तर मित्र सोबत घेच.

२०२४-२५ ला एंट्री फुकट होती, तरी तिकीट ऑनलाइन काढून ठेवावं लागायचं. फुकट आहे म्हणून तसाच गेटवर जाऊन उभा राहू नकोस.

प्रश्न : स्टेडियममध्ये बसायचं कुठं? आणि सोबत काय न्यायचं?
– सातारा

उत्तर : सगळे मधल्या रेषेसमोर जागा धरायला पळतात. माझं मत वेगळं आहे, तेवीस मीटरच्या रेषेसमोर जरा वरच्या बाजूला बसा. पेनल्टी कॉर्नरला बॉल आत कोण ढकलतो, डीच्या (गोलसमोरच्या अर्धगोलाच्या) टोकाला कोण थांबवतो, ड्रॅगफ्लिक (स्टिकनं ओढून उचललेला फटका) कुठल्या कोपऱ्यात जाते आणि गोललाइनवरनं बचावाचे खेळाडू कसे सुसाट बाहेर येतात, हे सगळं तिथनं एका नजरेत दिसतं. टीव्हीवर फक्त बॉल दिसतो. गोलच्या मागं बसलात तर मध्ये जाळी येते.

पाण्याची बाटली, पॉवर बँक, झेंड्याची काठी हे बऱ्याच ठिकाणी गेटवर काढून घेतात, तिकिटावरचे नियम आधी वाचा. गाडीत खायला भडंग घ्या, टिकतं. ओडिशात उतरल्यावर मात्र डब्यातलंच खात बसू नका, तिकडचं बरा-घुगनी (वडा आणि वाटाण्याची उसळ) आणि छेनापोड (भाजलेल्या छेन्याची मिठाई) खाऊन बघा.