किमयागार सोनं शोधत होते की स्वतःला?

तुम्ही विचारलंय की किमया, म्हणजे साध्या धातूचं सोनं करू पाहणारी जुनी विद्या (अल्केमी), ही स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग म्हणतो तशी मुळात मनाची साधना होती का, आणि पाश्चात्त्य जादूविधी करणारे लोक युंगचा आधार का घेतात. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि युंग बरीच वर्षं वाचतोय, म्हणून हा प्रश्न मला जवळचा वाटतो.

चिनी ग्रंथांचा जर्मन भाषांतरकार रिचर्ड विल्हेल्मने १९२८ मध्ये एका चिनी ताओपंथी ग्रंथाचं भाषांतर पाठवलं आणि युंग किमयेकडे ओढला गेला. १९३७-३८ मध्ये तो भारतात आला तेव्हाही किमयेच्या लॅटिन ग्रंथसंग्रहाचा पहिला खंड त्याच्या सामानात होता. त्याचं म्हणणं असं: पदार्थ आतून कसा आहे हे किमयागाराला ठाऊक नव्हतं, म्हणून त्या अंधारात त्याला आपल्याच नेणिवेतल्या प्रतिमा दिसल्या. भट्टीतलं द्रव्य काळं पडतं, मग पांढरं होतं, शेवटी लाल. युंगला यात माणूस आतून मोडून पुन्हा घडताना दिसला.

माझ्या मते हे मानसशास्त्र म्हणून फार मोलाचं आहे, इतिहास म्हणून अपुरं. लॉरेन्स प्रिन्सिपे या अभ्यासकाने जुन्या कृतींवरून पारा आणि सोनं बंद काचपात्रात तापवलं, तेव्हा आत खरोखर झाडासारखी वाढ उभी राहिली. जे वर्णन निव्वळ रूपक वाटत होतं, ते कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं होतं!

जादूविधींचं म्हणाल, तर लंडनमध्ये १८८८ मध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या जादूविधी करणाऱ्या गुप्त संघाची परंपरा पुढे नेणारा इस्रायल रेगार्डी हा महत्त्वाचा दुवा. किमयेवरच्या पुस्तकात त्याने युंगचा आधार घेऊन ती मानसिकच ठरवली होती. प्रयोगशाळेतली किमयाही खरी होती हे त्याने पुढे मोकळेपणाने मान्य केलं. विधीत देवतेचं रूप, रंग, नाव आधीच ठरलेलं असतं. युंगच्या 'सक्रिय कल्पने'त मात्र प्रतिमा आपणहून येते आणि आपण तिच्याशी बोलायचं असतं. हा फरक लोक विसरतात.

आपल्याकडच्या 'रसार्णव' या किमयेवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात तर 'यथा लोहे तथा देहे' असं स्पष्टच म्हटलंय: पारा आधी धातूवर पारखायचा, मग देहावर. तिथे भट्टी की साधक, असा पर्याय मुळात समोर येतच नाही.

तुम्हाला स्वतः काही करून पाहायचं असेल, तर रेगार्डीचा आग्रह लक्षात ठेवा: विधींना हात घालण्याआधी मानसोपचार घ्यावेत. पारा मात्र घरी तापवू नका, त्याची वाफ विषारी असते.