तोच पार्ट, तिकडे निम्म्यात कसा?

या वेळी पत्रं उघडली तर बहुतेकांचं दुखणं एकच निघालं, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ढकललेत. मायलेजवाल्यांनी राग मानू नये.

प्रश्न : सर नमस्कार. गाडीचा पुढचा हेडलाइट फुटला, शोरूममध्ये विचारलं तर आकडा ऐकून खालीच बसलो. मग बाहेरच्या देशातल्या एका ऑनलाइन दुकानात तोच पार्ट नंबर टाकून बघितला तर किंमत जवळजवळ निम्मी! कंपनी तीच, नंबर तोच, मग ही सरळसरळ लूट नाही का?

लूट म्हणायचा मोह मलाही होतो, पण आधी एक करून बघा. त्याच दुकानात त्याच गाडीचा ऑइल फिल्टर शोधा आणि त्याचीही किंमत तुमच्या इथल्याशी ताडून बघा. फरक असेल, पण हेडलाइटसारखा डोळे फिरवणारा बहुतेक नसेल, कारण फिल्टर बनवणाऱ्या कंपन्या ढीगभर आहेत. मान, माले, बॉश, डेन्सो, कुणाचाही घ्या, एकाने भाव वाढवला की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं. हेडलाइटचं तसं नाही, तो त्या मॉडेलला सोडून दुसऱ्या कशालाच बसत नाही आणि बऱ्याच देशांत तो दुसऱ्या कुणी बनवून विकायलाच बंदी असते, कारण त्याचा आकार म्हणजे कंपनीचं रजिस्टर केलेलं डिझाइन. बंपर, बॉनेट, आरसे, सगळे याच पंगतीतले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशातली गत.

आणि हा कायदा देशागणिक बदलतो, खरी मेख तिथेच आहे. ऑस्ट्रेलियाच्या 2003 च्या डिझाइन कायद्यात दुरुस्तीसाठी लागणाऱ्या भागांना सूट आहे, जर्मनीने 2020 च्या शेवटी तशी तरतूद केली, फ्रान्सने 1 जानेवारी 2023 पासून काचांपासून सुरुवात करून हा बाजार थोडा थोडा उघडला, आणि 2024 च्या शेवटी युरोपियन युनियनने सगळ्या सदस्य देशांसाठीच नवा निर्देश काढला. जिथे दुसऱ्याला बनवायची मुभा असते तिथे कंपनीलाही स्वतःच्या पार्टचा भाव जरा आवरता घ्यावा लागतो. भारतातही स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 ला 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2544 कोटींचा दंड ठोठावला होता, कारण ओरिजनल स्पेअर आणि गाडी तपासायची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना सहजी मिळूच दिली जात नव्हती. पुढे ते प्रकरण कोर्टकचेरीत गेलं ते गेलंच, पण दुखणं काय ते त्या आदेशात कागदावर आलं.

दुसरं कारण साधं आहे. तुमचं मॉडेल त्या देशात लाखांनी खपलं असेल तर तिथे गोदामात माल पडून असतो, अपघाती गाड्यांमधले जुने हेडलाइटही विकायला असतात, आणि नव्याला जुन्याची स्पर्धा असतेच की. तेच मॉडेल तुमच्याकडे काही हजारच विकलं गेलं असेल तर डीलर ऑर्डर आल्यावर एकेक नग विमानाने मागवतो आणि तो खर्च बिलात चढतो, वेगळा लिहिलेला नसतो एवढंच.

आता तुमचा "निम्मा" जरा तपासून घेऊ. अमेरिकेतल्या दुकानांच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, तो शेवटी पैसे भरताना लागतो. युरोपात गिऱ्हाइकाला दाखवलेल्या किमतीत व्हॅट आधीच असतो, जर्मनीत 19 टक्के, हंगेरीत तर 27. म्हणजे एका देशाची करासकट किंमत आणि दुसऱ्याची कराविना किंमत शेजारी ठेवून आपण हळहळत बसतो.

आणि हे सगळं सोडून एक गोष्ट, जिच्यासाठी मी तुमचं पत्र सगळ्यात वर घेतलं. तो देश रस्त्याच्या कोणत्या बाजूने गाडी चालवतो ते बघितलंत का? डावीकडून चालणाऱ्या देशातल्या हेडलाइटचा लो बीम, म्हणजे जवळचा खाली पडणारा उजेड, डाव्या अंगाला थोडा वर चढतो, कडेचा माणूस दिसावा आणि समोरच्याच्या डोळ्यात उजेड जाऊ नये म्हणून. उजवीकडून चालणाऱ्या देशात बरोबर उलटं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, बसतातही, आणि मग रोज रात्री समोरून येणारा तुमच्या नावाने शंख करतो. नंबर खरंच तोच आहे का, शेवटच्या अक्षरापर्यंत, ते परत बघा. एलईडीचा हेडलाइट असेल तर गाडीशी कोडिंगही, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला नव्या दिव्याची ओळखही, करून द्यावी लागू शकते, ते तुमच्याकडचा कुणी करून देईल का हे पार्ट मागवायच्या आधी विचारा, नंतर नाही.

प्रश्न : पार्ट नंबरातलं एक अक्षर वेगळं असलेला पार्ट दुसऱ्या देशात बराच स्वस्त मिळतोय. घेऊ का? विकणारा म्हणतो सेम आहे.

विकणारा तसंच म्हणणार, त्याला विकायचाय.

नंबर वाचायला शिका, अवघड नाहीये. फोक्सवॅगन ग्रुपचं उदाहरण घ्या, 06ए 115 561 बी हा एक ऑइल फिल्टर आहे. पहिले तीन म्हणजे कुठल्या इंजिनासाठी बनला ते, मधल्या 115 मधला 1 म्हणजे इंजिनाचा विभाग, 561 म्हणजे नेमका भाग आणि शेवटचा बी म्हणजे सुधारणा. बीच्या जागी सी आला तर बऱ्याचदा नवा पार्ट जुन्याच्या जागी बसतो, पण कधीकधी ते अक्षर वेगळं इंजिन, वेगळा रंग किंवा वेगळा बाजार सांगत असतं. टोयोटात पहिले पाच आकडे पार्टचा प्रकार सांगतात, 90915 दिसलं की फिरवून बसवायचा ऑइल फिल्टर, आणि पुढच्या पाच अक्षरांत तो नेमका कुठला ते. एकाच प्रकारचा फिल्टर वेगवेगळ्या बाजारांसाठी वेगवेगळ्या शेपटीने विकला जातो, म्हणून पहिले पाच जुळले तरी हुरळून जायचं नाही.

माझी पद्धत सांगतो. चासी नंबर देऊन डीलरकडून नंबर काढून घ्यायचा, मग तो नंबर कशाने बदलला गेला आहे का हे विचारायचं, आणि मगच भाव शोधायला बसायचं. उलटं केलं की डोकं भावातच अडकतं आणि मग न जुळणारंही जुळतंय असं वाटायला लागतं, माझं एकदा झालंय, तो पार्ट अजून माळ्यावर आहे.

प्रश्न : देशांचं समजू शकतो, पण एकाच देशात दोन राज्यांत किंमत वेगळी कशी? तिथे तर कस्टमही नाही.

कस्टम नसलं तरी वाहतूक आहे, स्थानिक कर आहेत, दुकानाचं भाडं आहे, आणि डीलर किती सूट सोडायला तयार आहे हेही आहे. कंपनीची किंमत बहुतेक ठिकाणी सुचवलेली असते, शेजारीच दुसरा डीलर असेल तर पहिला थोडी सोडतो, दूरवर एकटाच असेल तर कशाला सोडेल.

पण याहून मजेशीर कारण कायद्याचं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांत जुना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर स्वच्छ करणारा डबा, बदलायचा तर कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाची मान्यता असलेलाच लागतो आणि तो बाकीच्या राज्यांत चालणाऱ्यापेक्षा चांगलाच महाग पडतो, कारण कडक नियमात बसायला आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम जास्त घालावं लागतं. बाहेरून डबा तसाच दिसतो, आतला माल वेगळा. ब्रेक पॅडचंही तसंच. कॅलिफोर्नियात 2021 पासून पॅडमध्ये तांबं 5 टक्क्यांच्या आत आणि 2025 पासून अर्ध्या टक्क्याच्या आत असावं लागतं. युरोपात बाहेरच्या कंपनीच्या पॅडला आर 90 नावाच्या नियमाची मंजुरी लागते, मागच्या पत्र्यावर ई चा शिक्का असतो, आणि मूळ पॅडच्या कामगिरीपेक्षा तो 15 टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे चालत नाही. अशा चाचण्यांचा खर्च शेवटी पॅडच्या किमतीतच येतो. म्हणून दोन प्रदेशांतले "सेम" पॅड दिसायला सेम असले तरी आतलं मिश्रण वेगळं असू शकतं, स्वस्त दिसला म्हणून लगेच समोरचा चोर ठरत नाही.

प्रश्न : अमेरिकेत अल्टरनेटर खूपच स्वस्त दिसतोय, काय गौडबंगाल आहे?

बहुतेक रिबिल्ट असेल, म्हणजे जुनाच खोलून दुरुस्त केलेला. तिथे रिबिल्ट अल्टरनेटर, स्टार्टर, ब्रेक कॅलिपर यांच्या किमतीसोबत कोअर नावाची अनामत असते, तुमचा जुना पार्ट परत दिला की ती मिळते. यादीत मोठ्या अक्षरात फक्त किंमत दिसते, अनामत पुढच्या पानावर. तुम्ही परदेशातून मागवणार, जुना वजनदार अल्टरनेटर परत पाठवायचा तर त्याचंच भाडं अनामतीच्या वर जाईल, म्हणजे अनामत बुडाली असंच धरून हिशोब करा.

प्रश्न : मेहुणे सुट्टीला येतायत, त्यांच्या बॅगेतून एअरबॅग आणायला सांगू का? तिकडे फार स्वस्त आहे.

अजिबात नको. एअरबॅगच्या आत स्फोटक रसायन असतं, विमानवाहतुकीत ती धोकादायक माल म्हणून नोंदवावी लागते. बॅग पकडली गेली की मेहुण्यांशी तुमचे संबंध काय राहतील ते तुम्हीच बघा. गॅस भरलेले शॉक अॅब्सॉर्बर आणि बॅटरीलाही नियम आहेत, तेही विचारल्याशिवाय आणू नका.

प्रश्न : एकच पार्ट कार कंपनीच्या डब्यात महाग आणि बनवणाऱ्या कंपनीच्या डब्यात स्वस्त. स्वस्तातला डुप्लिकेट समजायचा का?

नाही हो, उलट बऱ्याचदा इथेच खरी बचत आहे आणि लोक परदेशात शोधत बसतात. कार कंपन्या स्वतः फार थोडे पार्ट बनवतात, क्लच एकाकडून, सेन्सर दुसऱ्याकडून, बेअरिंग तिसऱ्याकडून घेतात. तोच पुरवठादार तोच माल आपल्या नावाच्या डब्यातही विकतो, कधीकधी कार कंपनीचा लोगो घासून काढलेला दिसतो, तो घासलेला भाग बघून घाबरायचं कारण नाही. फक्त एक लक्षात ठेवा, पुरवठादाराचं नाव असलं म्हणजे दर वेळी अगदी तोच दर्जा असतो असं नाही, काहींच्या दोन-तीन प्रतींच्या मालिका असतात.

डुप्लिकेटचा संशय कुठे घ्यायचा? भाव बाकी सगळ्यांपेक्षा फारच खाली, विकणारा अनोळखी, छपाई पुसट, आणि पार्ट भरभर खपणारा म्हणजे स्पार्क प्लग, फिल्टर, ब्रेक पॅड असला की. नकली ऑइल फिल्टर कापून बघितला तर आतला कागद कमी आणि तेल परत गळू न देणारी रबराची झडप नसलेली किंवा कडक झालेली सापडते. पण कापून बघायच्या आधी इंजिनाने किती दिवस भोगलं असेल ते वेगळंच.

प्रश्न : मित्र म्हणतो येन पडलाय, जपानी गाडीचे पार्ट थेट जपानहून मागव. बंपर हवाय. करू का?

मित्राचं अर्धं बरोबर आहे. 2022 च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण 115 येन पडायचे, 2024 च्या जुलैत 160 च्याही पुढे गेले. डॉलरमध्ये कमावणाऱ्याला तिथली यादी एकदम स्वस्त झाली, पण त्याच्याच गावच्या डीलरने भाव काही खाली आणले नाहीत, कारण डीलरची यादी चलनाबरोबर रोज हलत नाही, वर जाताना मात्र बरोबर लवकर हलते. उलटा धक्काही बसतो, 2025 च्या मेमध्ये अमेरिकेने आयात होणाऱ्या बऱ्याच सुट्या भागांवर 25 टक्के शुल्क लावलं, नंतर जपान आणि युरोपसाठी करार करून 15 वर आणलं. म्हणजे तोच पार्ट, तोच कारखाना, आणि एका सहीने भाव बदलला.

आता बंपर. कुरियरवाले बहुधा खरं वजन आणि आकाराचं वजन यातलं जे जास्त ते धरतात. सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले 5000. तुमच्या बंपरचं खोकं 180 बाय 60 बाय 50 धरलं तर 108 किलो! खरा बंपर पाचसात किलोचा. नाकापेक्षा मोती जड. बरेच देश कस्टम ड्युटी पार्टच्या किमतीवर नाही तर किंमत, विमा आणि भाडं यांच्या बेरजेवर लावतात आणि मग त्या सगळ्यावर परत स्थानिक कर. समजा पार्ट 100 चा आणि भाडं फक्त 30, झाले 130, ड्युटी 10 टक्के म्हणजे 143, त्यावर 20 टक्के कर म्हणजे 171 रुपये 60 पैसे, रुपयाच्या जागी तुमचं कुठलंही चलन घाला. आणि बंपरला भाडं 30 लागत नाही, कितीतरी जास्त लागतं.

सेन्सर, स्विच, इंजेक्टर, असलं मुठीत मावणारं आणि महाग काही असेल तर खुशाल मागवा, नंबर जुळवून. बंपर मात्र जवळपासच्या अपघाती गाडीचा बघा, रंगही जुळला तर पेंटरचे पैसे वाचतील.