कामाचा बर्नआउट आणि मालिका-गेमचा बर्नआउट एकच असतो का?

तुम्ही विचारलंय की ऑफिसातला बर्नआउट (कामाच्या ताणाने माणूस आतून जळून जाणं), मालिका आणि गेमचा बर्नआउट आणि गाड्यांच्या व्हिडिओत टायरमधून धूर काढतात तो बर्नआउट यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, आणि तुम्हाला आलेला मनोरंजनाचा वीट 'खरा' बर्नआउट मानायचा का.

टायरचं आधी उरकते. गाडी ब्रेकवर जागच्या जागी धरून मागची चाकं गरगर फिरवायची, म्हणजे धूर निघतो. ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या छोट्या शर्यतीत, हे दिखाव्यासाठी नसतं, टायर तापून रस्ता घट्ट धरावा म्हणून शर्यतीआधी करतात. रॉकेटचं इंधन संपून इंजिन थांबतं, त्या क्षणालाही बर्नआउटच म्हणतात आणि तो आधीपासून हिशेबात धरलेला असतो. त्याच नावाची गाड्या आपटण्याची गेम २००१ पासून आहे. या सगळ्याचा तुमच्या थकव्याशी संबंध नाही.

माणसांच्या बाबतीत हा शब्द रुजला तो १९७४ मध्ये. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या लोकांबद्दल लिहिलं. ही माणसं कामचुकार नव्हती, जीव ओतून काम करणारी होती, आणि तीच आधी जळतात असं त्याचं म्हणणं होतं. हे मी मुद्दाम सांगतेय. माझ्या घरात याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं वाद चाललाय.

मी सबटायटल तपासण्याचं काम करते. ओळ बोलण्याच्या आधी येते का, दोन ओळींत मावते का, वाचायला वेळ पुरतो का, हे बघायचं. एकच भाग एकदा आवाजासह, एकदा आवाज बंद करून, आणि दुरुस्त्या आल्या की पुन्हा पहिल्यापासून. लोकांना वाटतं, वा, मालिका बघायचे पैसे! एका भागात एक आई मुलाचं प्रेत ओळखायला जाते. तो प्रसंग मी किती वेळा मागेपुढे केला असेल, आणि मला फक्त एवढंच दिसत होतं की तिचा हुंदका फुटायच्या आधीच ओळ पडद्यावर येतेय. नोंद केली, पुढे गेले. हे कामाचा भाग म्हणून सोडून देता येतं. पण त्याच सुमारास मैत्रिणीचा फोन आला. वडिलांचे रिपोर्ट चांगले नाहीत हे ती रडत रडत सांगत होती आणि माझ्या डोक्यात चाललं होतं की हे वाक्य लांब झालंय, दोन ओळींत कुठे तोडायचं. त्या दिवशी मी घाबरले. झोप कमी पडलीय म्हणून असं होत नाही.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी बर्नआउटच्या ज्या तीन बाजू मांडल्या त्यांतली ही मधली. पहिली पार गळून जाणं, तिसरी 'आपल्याकडून काही धड होत नाही' असं वाटणं, आणि मधली ही, समोरच्या माणसाबद्दल आत काहीच न हलणं. पहिलीबद्दल सगळे बोलतात. ओळखायची असते ती मधली.

घरी सांगितलं तर दादा म्हणाला, "दिवसभर खुर्चीत बसून टीव्ही बघतेस, त्यात जळण्यासारखं काय आहे? आमच्या पिढीला असलं काही होत नव्हतं. माणूस कच्चा असला की होतं." दादाचा मोटर रिवाइंडिंगचा धंदा आहे. जळालेली मोटर उघडली की वेटोळ्यांकडे बघून तो कारण सांगतो. सगळी सारखी काळी पडली असतील तर लोड जास्त होता. काही काळी आणि बाकीची नव्यासारखी चकचकीत असतील तर विजेच्या तीन फेजांपैकी एक गेला होता आणि मोटर उरलेल्या दोनवर ओढत राहिली. 'मोटरच कच्ची होती' असं म्हणून त्याने एकाही गिऱ्हाइकाला परत पाठवलेलं मी पाहिलेलं नाही. उलट तो बजावतो, फेज तपासा, बेअरिंग बघा, नाहीतर नवं वाइंडिंगही जळेल. दादा, मोटरला जो न्याय लावतोस तो बहिणीला का नाही?

मी सुट्टी घेतली होती. झोपले, भटकले, बरं वाटलं. कामावर परतले तर सगळं होतं तसंच: भाषांतर रात्री उशिरा येणार, सकाळी भाग जाणार, चूक भाषांतराची असली तरी बोलणी तपासणाऱ्याला. सुट्टीचा सगळा फायदा आठवडाभरात पुसला गेला. फरक पडला तो दोन गोष्टी मागून घेतल्यावर. एका वेळी एकच मालिका, आणि भाषांतर करणाऱ्याशी थेट बोलायची मुभा. पगार तोच, तासही जवळजवळ तेच. मास्लाक आणि त्यांचे सहकारी मायकल लायटर यांनी बर्नआउटची मुळं सहा ठिकाणी शोधायला सांगितली आहेत: कामाचा बोजा, आपल्या हातात किती आहे, मोबदला, सोबतची माणसं, न्याय आणि मूल्यं. बोजा त्यांतला फक्त एक. 'सुट्टी घे, ध्यान कर' हा सल्ला देणारे बाकीच्या पाचांबद्दल चकार शब्द काढत नाहीत, कारण त्या पाचांत बदल वरच्यांना करावा लागतो.

आता तुमचं. मालिका बघवत नाहीत, गेम लावून नुसतेच मेनूत फिरता, याला मी बर्नआउट म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ साठी, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या अकराव्या आवृत्तीसाठी, जी व्याख्या केली ती फक्त नोकरी-व्यवसायापुरती आहे. तो आजार नाही असं तिथे म्हटलंय, आणि आयुष्याच्या बाकी भागांना हा शब्द लावू नका असंही. मला ती व्याख्या अपुरी वाटते. घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं वर्षानुवर्षं करणारी बाई त्यात बसत नाही, आणि तिच्याइतकं जळलेलं कोणी मी पाहिलेलं नाही. पण तुमच्या गेमच्या बाबतीत व्याख्या बरोबर आहे. जे बंद केल्यावर कोणाचं काही अडत नाही, ते बंद करा. गेम खेळून दाखवणं हाच तुमचा व्यवसाय असेल, रोज व्हिडिओ टाकला नाही तर प्रेक्षक निसटतील ही धास्ती असेल, तर मात्र ते काम आहे आणि वर लिहिलेलं सगळं तुम्हालाही लागू.

एक राहिलं, ते खरं तर आधी लिहायला हवं होतं. नोकरी आणि करमणूक दोन्ही एकदमच नकोशी झाली असतील, जेवणावरची वासना गेली असेल, ज्यांच्यात जीव रमायचा ती माणसंही नको वाटत असतील, तर कदाचित ते नैराश्य असेल. थायरॉइड किंवा रक्ताची कमतरता असली तरी माणूस असाच गळून जातो. या गोष्टी इथे विचारून कळणार नाहीत, डॉक्टरांकडे जा. आणि जगणंच नको असं मनात येत असेल तर आजच कोणालातरी सांगा आणि आजच जा.