१९९४ च्या फोर्ड एफ-१५० चा मागचा ॲक्सल रेशो कसा ओळखायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९४ ची फोर बाय फोर एफ-१५० पिकअप सेकंडहँड घेतलीत, दाराच्या स्टिकरवर ॲक्सलचा कोड १९ आहे, टायर ३१ इंची आहेत, ट्रेलर ओढायचा आहे, आणि आधीच्या कुणीतरी मागचा ॲक्सल बदलला असावा अशी शंका आहे. मग खरा रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्यामागे ॲक्सलला फिरवणाऱ्या शाफ्टचे किती फेरे होतात, ते कळणार कसं?

हातानं फेरे मोजून. बाकीच्या खुणा आधी जरूर बघा, पण शेवटी भरवसा मोजणीवरच ठेवा.

हे मी इतक्या ठामपणे सांगतोय कारण माझ्याकडेही याच पिढीची गाडी आहे, पेनसिल्व्हेनियात घेतलेली. स्टिकरवर तुमच्यासारखंच १९, म्हणजे ३.५५, साधा ओपन डिफरन्शिअल (ॲक्सलच्या मधला गिअरचा संच, जो दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतो). त्यावर विश्वास ठेवून मी निर्धास्त होतो. पहिला बर्फ पडला तेव्हा घरासमोरच्या चढावर फोर-व्हील टाकलं आणि वर पोचेपर्यंत ठीक चाललं. पण पुढे मीठ टाकून मोकळा केलेला रस्ता लागला, आणि कुणी मागून धरून ठेवावी तशी गाडी अडखळायला लागली. लिव्हर टू-व्हीलला परत येईना. हातभर रिव्हर्स घेतली तेव्हा खाली 'ठक्' आवाज झाला आणि लिव्हर सुटला. कोरड्या रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये थोडा ताण येतोच, पण हा सरळ रेषेत, दहा-वीस फुटांतच आला होता. नंतर खाली आडवा पडून मोजलं तर पुढे ३.५४ आणि मागे ३.०८! कुणीतरी जंकयार्डमधून दुसऱ्याच गाडीचा ॲक्सल आणून बसवला होता. शाफ्ट दोन्हीकडे सारख्याच वेगानं फिरणार, त्यामुळे मागची चाकं पुढच्यांपेक्षा जवळजवळ १५ टक्के जास्त धावू बघत होती.

तुम्ही म्हणाल, स्पीडोमीटरवरून तरी लक्षात यायला हवं होतं. नाही येत. १९९२ पासूनच्या या गाड्यांत स्पीडोमीटरला वेग कळतो तो डिफरन्शिअलवर बसवलेल्या सेन्सरकडून, आणि तो सेन्सर क्राऊनसोबत (डिफरन्शिअलमधल्या मोठ्या गिअरसोबत) फिरणारी दात्यांची रिंग वाचतो. म्हणजे वेग चाकांच्या बाजूनं मोजला जातो, पिनियनच्या (क्राऊनला फिरवणाऱ्या शाफ्टच्या टोकाच्या छोट्या गिअरच्या) आधी नाही. रेशो कितीही बदलला तरी काटा बरोबरच दाखवणार. तो चुकतो फक्त टायरचा आकार बदलला की. तेव्हा तुमच्या ३१ इंची टायरांमुळे काटा कमी वेग दाखवत असेल तर त्यावरून ॲक्सलबद्दल काहीच ठरवू नका.

आता खुणा. स्टिकरवर १८ म्हणजे ३.०८, १९ म्हणजे ३.५५, एच ९ म्हणजे ३.५५ पण लिमिटेड स्लिप (दोन चाकांच्या वेगातला फरक रोखणारा डिफरन्शिअल). हे कोड फॅक्टरीतून गाडी बाहेर पडली त्या दिवसाचे. त्यानंतर तीस वर्षं गेली आहेत.

स्टिकरपेक्षा जास्त कामाचा तो पत्र्याचा छोटा बिल्ला. डिफरन्शिअलच्या मागच्या गोल कव्हरला दहा बोल्ट असतात, त्यातल्या एकाखाली तो अडकवलेला असतो. वायर ब्रशनं हलकेच घासा, जोर लावू नका, पत्रा पातळ असतो. '३ ५५' असं दिसलं तर ओपन, आणि पॉइंटच्या जागी 'एल' असेल, म्हणजे '३ एल ५५', तर लिमिटेड स्लिप. हा बिल्ला ॲक्सलसोबत प्रवास करतो, म्हणून स्टिकरपेक्षा बरा. पण ऑइल बदलताना लोक तो फेकून देतात, आणि क्राऊन-पिनियन बदलणारा माणूस बिल्ला क्वचितच बदलतो. माझ्या गाडीला नव्हताच.

म्हणून मोजणी. सपाट काँक्रीटवर गाडी लावा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, कारण पार्किंग ब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि तो तुम्हाला सोडावा लागणार आहे. गिअर न्यूट्रलमध्ये; ऑटोमॅटिक असेल तरीही न्यूट्रलच, कारण पार्कमध्ये शाफ्ट अडकलेला राहतो. ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांनाही जोर देणारा गिअरबॉक्स) टू-व्हीलमध्ये. जॅकवर गाडी ठेवून खाली कधीही जायचं नाही, ॲक्सलच्या नळीखाली स्टँड हवाच.

आधी दोन्ही मागची चाकं उचला आणि एक चाक हातानं फिरवा. दुसरं उलट फिरलं तर ओपन, त्याच दिशेनं फिरलं तर लिमिटेड स्लिप. (झिजलेलं लिमिटेड स्लिपही उलट फिरतं, तेवढं ध्यानात ठेवा.)

ओपन असेल तर एक चाक परत जमिनीवर टेकवा आणि त्यालाही ठोकळे लावा. टायरवर आणि शाफ्टवर खडूनं रेघ मारा. एक चाक थांबलेलं असताना दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एकच फेरा. म्हणून उचललेल्या चाकाच्या दोन फेऱ्यांत शाफ्टचे जेवढे फेरे, तोच रेशो. बरेच जण इथे चाक एकदाच फिरवतात, उत्तर निम्मं येतं आणि घोळ होतो.

दोन फेऱ्यांवरही थांबू नका. ३.५५ आणि ३.७३ मधला फरक शाफ्टच्या पाव फेऱ्याहूनही कमी आहे, आणि खाली पडून टॉर्चच्या उजेडात तो नजरेनं धरता येत नाही. चाक २० वेळा फिरवा. ३.५५ असेल तर शाफ्टचे साडेपस्तीस फेरे होतील, ३.७३ असेल तर सदतीसच्या थोडे वर, ३.०८ असेल तर एकतीसच्या आत. आता गल्लत व्हायला जागाच नाही. एकानं चाक फिरवावं, दुसऱ्यानं शाफ्ट मोजावा. माझा मुलगा चाकाशी बसला होता, तो मोठ्यानं आकडे म्हणत होता आणि मी खाली कागदावर रेघा ओढत होतो.

लिमिटेड स्लिपला एक चाक जमिनीवर ठेवून जमत नाही, आतल्या क्लच प्लेट अडवतात. तिथे दोन्ही चाकं वर ठेवा, दोन्ही एकत्र फिरू द्या आणि दहा फेरे मोजा. आकडे वरचेच येतील.

कव्हर उघडणार असाल तर क्राऊनच्या कडेवर दात्यांची संख्या ठोकलेली सापडते. ३९ आणि ११ असेल तर ३.५५, ४१ आणि ११ असेल तर ३.७३, ४१ आणि १० असेल तर ४.१०. पण गिअर ऑइलचा तो गंधकी वास हातावरून दोन दिवस जात नाही. नुसत्या रेशोसाठी हा खटाटोप करू नका, ऑइल बदलायचंच असेल तेव्हा बघून घ्या. लिमिटेड स्लिप निघालं तर नव्या ऑइलसोबत फ्रिक्शन मॉडिफायर घालायला विसरू नका.

ट्रेलरबद्दल. साधारण २९ इंची टायरांच्या जागी ३१ इंची बसवलेत की ३.५५ चा जोर ३.३२ इतकाच उरतो. माझ्यासारखं ३.०८ निघालं तर तो २.९ च्या आत येतो, आणि त्यावर मी तरी चढाच्या रस्त्यानं जड ट्रेलर ओढणार नाही.

मागचं मोजून झालं की त्याच दिवशी पुढचंही मोजा. मागच्या चाकांना ठोकळे, पार्किंग ब्रेक ओढलेला, ट्रान्सफर केस टू-व्हीलमध्येच. हातानं लागणारे हब (पुढची चाकं ॲक्सलला जोडणारे) असतील तर ते लॉक करा, एक पुढचं चाक उचला आणि पुढचा शाफ्ट मोजा. मागे ३.५५ आणि पुढे ३.५४ ही फॅक्टरीचीच जोडी आहे, त्यानं काही बिघडत नाही. याहून मोठा फरक दिसला तर तो मिटेपर्यंत फोर-व्हीलच्या लिव्हरला हात लावू नका. दोन्हीकडचे फेरे मोजलेत की आकडे इथे लिहा, पुढे गिअर कोणते घ्यायचे ते त्यावरून ठरवू.